बाबांची येळवस आणि बांधापलीकडची कोप

माझे बाबा छताखाली गेले. याचा त्यांना नक्की राग आला असणार.

नांदेडच्या दवाखान्यात, एसी रूममध्ये. नर्सला तीनदा म्हणाले, "माय, तेवढी खिडकी उघड की." ती उघडणारी नव्हतीच, फिक्स काच होती.

आज येळवस. त्यांच्याशिवाय पहिलीच.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं शहर ओस पडतं, सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, लहानशी झोपडीच, उभी करायची. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. त्यांची पूजा करायची. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील शेतभर शिंपडायची. मग दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं.

बाबा नोकरीनं कारकून, पण जीव सगळा बांधावर.

रविवार उजाडला की पहिली एसटी धरून आम्ही शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावी. बाभळीखाली बसवून ते आम्हा तिघी बहिणींच्या वेण्या घालायचे. तिन्ही वाकड्या. आई म्हणायची, फायलीपण अशाच बांधता का?

आणि देवभोळे किती? येळवसीला पांडवांपुढचा घास पोटात जाईपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हाची गोष्ट. बाबांची बदली नव्या कचेरीत झाली होती. तिथले बरेच जण परजिल्ह्यातले, येळवस म्हणजे काय हेच माहीत नसलेले. बाबांनी सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकलं.

नेमकं त्याच वर्षी पावसानं दगा दिला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. म्हशी आटल्या. आईनं चार घरं फिरून ताक जमवलं, कशीबशी एक मडकं आंबील केली. बाबांना बजावलं, यंदा नावाला शिंपडा, पाहुणे यायचेत.

बाबा "हाव" म्हणाले आणि मडकं खांद्यावर घेऊन निघाले. मी मागे. दहा वर्षांची असेन.

"ओलगे, ओलगे" अशी शिंपडतानाची हाळी देत त्यांनी चारी बांध फिरून शिंपडलं. भेगा पडलेल्या जमिनीत तर ओंजळीनं ओतलं. मी म्हणाले, बाबा, आई रागवेल. ते म्हणाले, "तिच्यापेक्षा भुई जास्त तहानली हाय."

परत आलो तेव्हा मडक्यात काही नव्हतं. आणि रस्त्यावर कचेरीतली मंडळी जीपमधून उतरत होती.

आई आमच्याकडे पाठ करून बसली. रागावण्यापेक्षा ते जास्त भयंकर होतं.

बांधापलीकडे भीमरावकाकांचं शेत. त्यांचं घर बौद्ध. त्यांच्या कोपीत पांडव नसायचे, बुद्धांचा एक छोटा फोटो असायचा. आंबील मात्र गावात एक नंबर. दर येळवसीला बाबा त्यांना बोलवायचे, ते यायचे. बाबा त्यांच्याकडे कधी गेले नव्हते. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी बाबा रिकामं मडकं घेऊन तिकडे गेले, मी मागे.

भीमरावकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तात्या, दरसाल तुमी बोलवता, आमी येतो. आमच्या कोपीत तुमी एकदा बी बसला न्हाईत. आज बसा, मंग आंबील न्या."

बाबा उभेच राहिले. पोटात सकाळपासून पाणी नाही, पांडवांपुढचा घास अजून व्हायचाय, पलीकडे पाहुणे खोळंबलेत. मला वाटलं, आता हे परत फिरणार.

ते चपला काढून आत बसले. त्या दिवसाचा पहिला घास त्यांनी भीमरावकाकांच्या पत्रावळीवर घेतला. मलाही जेवायला बसवलं.

पाहुणे त्या आंबिलीचं कौतुक करत पोटभर जेवले. गावानं नावं ठेवली. बाबांचे सख्खे चुलते पुढची दोन वर्षं आमच्या शेतात फिरकले नाहीत. बाबा म्हणायचे, त्यांचं ताट झाकून ठेवा. तिसऱ्या वर्षी आले.

तेव्हापासून दर येळवसीला बाबांचा पहिला घास बांधापलीकडे.

मोठेपणी मी एकदा कॉलर ताठ करून हा किस्सा मैत्रिणींना सांगत होते. बाबांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "त्यात माझं कायबी कवतिक न्हाई, सुमा. आंबील संपली म्हून गेलो. उरली असती तर गेलो नसतो."

यासाठी मला हा माणूस फार आवडायचा.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला होता, "येतीस का?" मी म्हणाले, बाबा, ऑडिट आहे, पुढच्या वर्षी नक्की. ते हसून "बरं" म्हणाले. ते "बरं" वर्षभर माझ्या कानातून जात नाहीये.

आज मी गेले. आईला घेऊन. वर्ष सरलेलं नाही, म्हणून यंदा कोप करायची नाही असं ठरलेलं. नुसतं बांधावर बसून यायचं.

शेतात कोप उभी होती. आत पाच पांडव, ताज्या चुन्यानं रंगवलेले. शेजारी भीमरावकाका बसले होते, ऐंशीच्या घरातले, बोटं चुन्यानं पांढरी.

ते म्हणाले, "मी काय हात जोडणार न्हाई, पोरी. पर तात्याचं काम राहू नये."

आई तिथंच मातीत बसून रडली. दवाखान्यातसुद्धा रडली नव्हती.

आधी आम्ही दोघी त्यांच्या कोपीत बसून जेवलो. मग काकांनी आंबिलीचं मडकं माझ्या खांद्यावर दिलं. आमच्याकडे हे काम पुरुषांचं, पण कुणी काही म्हणालं नाही. चारी बांध फिरले. "ओलगे" म्हणत राहिले. सगळं मडकं रिकामं केलं.

बाबा, उशीर झाला, पण मी आले होते. वर आभाळ मोकळं होतं. आता सुखानं झोपा.