उभ्या पिकाचं पाणी

मागच्या नळाला बूच बसलं ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाशिकचा पारा सहावर उतरला त्या दिवशी. यादव पगारे सकाळी साडेसहाला कानटोपी घालून इमारतीच्या मागे गेले, तर तोटी जागेवर नव्हती. तिथे लोखंडी बूच होतं आणि त्याच्याभोवती नवा पांढरा टेप. पगारेंनी ते बोटांनी फिरवून पाहिलं. काम पक्कं होतं, पान्ह्याशिवाय निघण्यासारखं नव्हतं.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या या चारमजली इमारतीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, चाळीस फूट लांब आणि सात फूट रुंद मातीची पट्टी आहे. बिल्डर तिथे विटांचे तुकडे आणि कडक झालेल्या सिमेंटच्या गोण्या टाकून गेला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन पगारे दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा पहिले चार महिने त्यांनी नुसते तुकडे वेचले. हा त्यांचा सातवा हिवाळा. भिंतीवर वालपापडी चढली होती, मधल्या वाफ्यांत मेथी आणि वाटाणा होता, शेवटी दोन वाफे वांगी. वांग्याची कोवळी पानं थंडीने करपायला लागली होती. अशा दिवसांत जमीन ओली ठेवावी लागते. ओली जमीन दिवसाचं ऊन धरून ठेवते आणि पहाटेच्या गारठ्यात झाड तगतं.

हे पगारेंना कुणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं ते कळवणच्या बाजूला कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती तास पाणी, कुठलं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं, हे त्यांच्या हातात. पाण्यावरून कुऱ्हाडी निघालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. एकदा त्यांच्यावरही निघाली होती. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र कुठे अर्धा गुंठाही नव्हता, वडिलांच्याही नव्हता. दुसऱ्यांच्या गव्हाला पाणी देता देता साठी आली आणि स्वतःचं पहिलं पीक निघालं ते फ्लॅटच्या मागे, सामाईक जागेत.

सामाईक हा शब्द त्याच महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला. घरं सोळा, दुचाक्या सव्वीस, त्यातल्या दहा रस्त्यावर उभ्या. पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करायचं ठरलं. मागणी काही चुकीची नव्हती आणि पगारेंनी ठरावाला विरोधही केला नाही. त्यांनी एवढंच मागितलं, की वाल निघेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत थांबा. चेअरमन म्हणाले, जानेवारीच्या पाच तारखेला माणसं येणार.

आणि आता नळाला बूच.

चेअरमन खंडेराव आहेर त्यांना जिन्यातच भेटले. देवळ्याचे, घरी कांद्याची शेती, इथे व्यापार.

"नळ तुम्ही काढलात?"

"ठराव झालाय ना, काका. उगाच झाडं वाढवत बसाल आणि काढताना तुमच्याच जिवावर येईल."

"चेअरमन, तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे. उभ्या पिकाचं पाणी कुणी तोडतं का? कालव्यावर सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडायचे, तरी उभ्या पिकाची पाण्याची पाळी आम्ही कधी चुकवली नाही. आधी पीक निघू द्यायचं, मग भांडायचं. असा कायदा होता."

"कुठल्या पुस्तकात?"

"पुस्तकात नव्हता. म्हणून तर सगळे पाळायचे."

आहेर हसले. "शेती करायची तर गावी करावी, काका. टाकीचं पाणी सोळा घरांचं आहे. त्यातला थेंब मिळणार नाही."

"टाकीतला थेंब मला नकोच आहे."

त्या दुपारी पगारेंनी दोनशे लिटरचा निळा ड्रम बाल्कनीत चढवला. त्यांच्या पत्नी लताबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "एकतीस वर्षं कालव्याशी संसार केलात. आता तो घरात आणा."

"फिल्टरची नळी कुठे जाते?"

"मोरीत. दुसरीकडे कुठे जाणार?"

प्यायचं पाणी गाळताना आरओच्या मशीनमधून जेवढं येतं, त्याच्या दुप्पट वाया जातं आणि मोरीवाटे गटारात जातं. मागच्या बाजूच्या आणखी सहा घरांत अशी मशीन होती. पगारेंनी सहा दारं वाजवली. तिसऱ्या मजल्यावरच्या संजनाने विचारलं, "काका, चेअरमन ओरडणार नाहीत ना?" पगारे म्हणाले, "गटाराचं पाणी कमी झालं म्हणून कोण ओरडतं?" घराघरांतून बादल्या आल्या आणि रात्रीपर्यंत ड्रम काठोकाठ भरला. सकाळी त्यांनी लांब पाईप पाण्याने भरून घेतला, एक टोक ड्रममध्ये बुडवलं, दुसरं मुडपून दोरीने बांधलं आणि बाल्कनीतून खाली सोडलं. खाली जाऊन दोरी सोडली. पाणी आपोआप आलं. मोटर नाही, नळ नाही, सोसायटीची परवानगी नाही. सुरुवात शेवटच्या वाफ्यापासून, ही कालव्यावरची रीत. वरच्यांना आधी दिलं की शेवटच्याला कधीच मिळत नाही.

पाच तारखेला मुकादम आला. बारकू नाव, पेठकडचा. सोबत चार माणसं आणि टेम्पोत ब्लॉक. त्याने वाफ्यात पहार टोचली, उपसून तिच्या टोकाचा चिखल पाहिला.

"पानी कवा दिलं?"

"आज सकाळी," पगारे म्हणाले. "थंडी आहे."

"लय ओल हाय, शेठ," बारकू आहेरांकडे वळला. "यात मुरूम दाबला जायचा नाय. वर गाडी उभी केली का ब्लॉक खाली बसतील. पंधरा दिस वाळू द्या. पानी बंद ठेवा."

"ऐकलंत ना, काका?" आहेर म्हणाले.

"ऐकलं."

खरोखरच ऐकलं होतं. तोवर पाळी आठवड्याची होती. सहा तारखेपासून ती रोजची झाली.

तिसऱ्या दिवशी लताबाई बाल्कनीतून ओरडल्या, "अहो, काल दिलं ना! परवाही दिलं!"

"पाळी बदलली."

"वाटाणा मरेल की."

"मरेल."

वाटाणा मेलाच. आधी खालची पानं पिवळी झाली, मग मुळं सडली. शेताबाहेर पाणी वाहू दिलं म्हणून पगारेंनी एके काळी चांगल्या चांगल्या बागायतदारांवर दंडाचे कागद केले होते. आता ते स्वतः रोज सकाळी डोळ्यांदेखत पीक बुडवत होते. पिवळे वेल त्यांनी स्वतः उपटले आणि भिंतीशी ढीग घातला. मेथी आधीच खुडून झाली होती. वांगी थोडी रुसली, पण उभी राहिली. वालाचा वेल भिंतीच्या टोकाला पोचला होता. त्याचं बूड पगारेंनी मातीचा उंचवटा करून कोरडं ठेवलं होतं.

वीस तारखेला बारकू परत आला. पहार वीतभर आत गेली आणि उभी राहिली. त्याने वर जाणारा पाईप पाहिला, बाल्कनीतला ड्रम पाहिला.

"काका, नोकरीला कुठं होता तुमी?"

"कालव्यावर. पाटकरी."

बारकूला हसू आवरेना. "शेठ, हे माज्याच्यानं व्हायचं नाय. या मानसानं मनावर घेतलं ना, तर तुमची लिफ्ट बी ओली करंल." पहार खांद्यावर टाकून त्याने माणसांना हाक मारली. दुसरीकडे काम होतं. टेम्पो निघून गेला.

आहेरांनी पायातला चिखल भिंतीच्या कडेला खरवडला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ठीक आहे, काका. तुमचं खरं. मार्चपर्यंत थांबतो. वाल काढा आणि जागा मोकळी करा. फक्त तसं लिहून द्या."

"हेच मी डिसेंबरमध्ये मागत होतो."

"मग आता देतोय ना!"

"तेव्हा नळ होता," पगारे म्हणाले.

"नळ लावून देतो परत. झालं? मार्चमध्ये तरी निघाल ना इथून?"

पगारे वाकून वालाच्या बुडाची माती सारखी करत होते. "मार्चमध्ये उन्हाळी पाळी सुरू होते, चेअरमन. भेंडी लावायची आहे. गवार लावायची आहे."

"अहो, पण ठराव..."

"आणि भेंडीला पाणी जास्त लागतं."