गिरिजाअक्कांनी पळवलेले पाहुणे

क्लबच्या ग्रुपवर आज सकाळी आलेला मेसेज चुकीचा आहे.

"आपल्या क्लबचे माजी अध्यक्ष कै. अण्णा यांच्या सुविद्य पत्नी गिरिजाअक्का यांचे निधन झाले."

निधन झालं, हे खरं. पत्नी होत्या, हेही खरं. पण क्लब त्यांना तेवढ्यावरच निरोप देणार असेल तर मला बोलावं लागेल.

कुणाला आवडो न आवडो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा सेवाभावी क्लब कोल्हापुरात शाहूपुरीत भरायचा. डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळे कोटातले. त्यात मी एकटा उद्यमनगरचा लेथवाला, नववी पास. इंग्रजी मशीनच्या कॅटलॉगवरून शिकलो. कुणाच्या शिकवणीला गेलो नाही.

बायकांना मेंबरशिप नव्हती. नियम वर, मुख्य संस्थेत, कधीच बदलला होता. आमच्यात बदलला नव्हता. मिसेस लोकांनी आतल्या खोलीत बसायचं आणि मीटिंग संपली की भजी बाहेर पाठवायची.

पण चंदगडचं मोतीबिंदू शिबिर चालवायच्या अक्काच. वाड्यावस्त्या फिरायच्या, म्हाताऱ्या माणसांना समजवायच्या. कन्नड बोलणारा भेटला तर त्याच्याशी कन्नडमध्ये भांडायच्या.

त्या हिवाळ्यात तिकडं डोळे तपासून झाले होते. कोल्हापुरात ऑपरेशनचे डॉक्टर तयार, खाटा तयार. क्लबच्या बसनं जाऊन पेशंट आणायचे, एवढंच बाकी होतं.

नेमके त्याच दिवशी डेन्मार्कच्या क्लबचे चार पाहुणे आमच्याकडं असणार होते. मैत्रीभेट.

मीटिंगमध्ये ठराव आला. बस पाहुण्यांना पन्हाळा दाखवायला जाईल. चंदगडचं पुढं बघू.

अक्का आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात झारा.

"पुढं म्हंजे कवा? दिवस सांगून आलोय मी त्या माणसास्नी. साखरपुडा करून नवरी नको म्हटल्यागत झालं की ह्ये!"

अध्यक्ष त्या वर्षी अण्णा. म्हणजे अक्कांचेच मालक. त्यांनी खाली बघून टेबलावरची बेल वाजवली.

एक वकीलसाहेब हसत म्हणाले, "अक्का, तुम्हाला मत नाही."

"न्हाय की. बरं, पावणं उतरणार कुणाकडं?"

"तुमच्याकडंच! तुमच्यासारखं जेवण दुसरं कोण घालतंय?"

"मग झालं," म्हणाल्या आणि भज्यांकडं गेल्या.

ठरावाविरुद्ध एकच हात वर गेला. माझा. इतिवृत्तात 'एकमताने' लिहिलं, तेही चूक.

पन्हाळ्याच्या दिवशी भल्या सकाळी अक्का माझ्या दारात. मागं चार डॅनिश पाहुणे, प्रत्येकाच्या हातात जेवणाचा डबा.

"दिनकरा, चल. इंग्रजी बोलाय माणूस पायजे."

"कुठं?"

"चंदगडला. एसटीनं."

"अण्णांना म्हाईत हाय?"

"झोपल्यात. उठवाय कशाला पायजे?"

घरी उतरलेला पाहुणा त्या घराचा. त्याला काय खायला घालायचं, कुठं न्यायचं, ते घरची बाई ठरवणार. कोल्हापुरात याच्यावर अपील चालत नाही.

पाहुण्यांच्या प्रमुख इंगाबाई, रिटायर्ड शिक्षिका. एसटीत त्यांनी विचारलं, किल्ला किती लांब आहे?

मी काही लपवलं नाही. फक्त इंग्रजी कॅटलॉगचं होतं. "मॅडम, ओरिजिनल प्रोग्राम इज डिसमँटल्ड. पेशंट्स आर वेटिंग. होल्ड टाइट."

बाई इतक्या हसल्या की कंडक्टर वळून बघायला लागला. मग समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "होल्डिंग."

चंदगडला शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसून होती. मांडीवर कपड्यांची पिशवी, शेजारी लेक नाहीतर सून. अक्कांचा आवाज ऐकून एका आजीनं हवेत हात पुढं केला.

"आलीस व्हय? वाटलं, इसरलीस."

"इसरंन कशी? संगट पावणं आणल्यात."

मग अक्कांनी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. मी शेजारी उभा होतो, म्हणून शब्द न् शब्द सांगतो.

"पावणं हितं हायत. न्ह्याला बस लावा. मोठी लावा. माझी माणसं बी हायत."

पलीकडून अण्णा बराच वेळ बोलले. अक्का ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सत्काराला उशीर हुईल, फेटंवाल्याला थांबवून धरा," आणि फोन ठेवला.

बस आली. मोठी.

परतताना पेशंट बसलेले, पाहुणे उभे. ती आजी चाचपत इंगाबाईंचा हात शोधायची आणि त्यात काजू ठेवायची.

पेशंट दवाखान्यात पोचवले, मगच सगळे सत्काराच्या हॉलवर. हार सुकलेले, वक्ते वैतागलेले. पाहुण्यांच्या अंगावर चंदगडची लाल धूळ आणि डोक्यावर फेटे.

अशा भेटीत एक रिवाज असतो. पाहुण्यांनी आपल्या क्लबचा छोटा रेशमी झेंडा इथल्या अध्यक्षांना द्यायचा.

अण्णांनी हात पुढं केला.

इंगाबाई त्यांच्यासमोरून स्टेजखाली उतरल्या, थेट शेवटच्या रांगेत गेल्या आणि झेंडा अक्कांच्या हातात दिला.



अण्णांचा हात तसाच पुढं होता. त्यांनी त्याच्यावर दुसरा हात मारला. पहिली टाळी अण्णांची. हे मुद्दाम लिहितोय. त्या माणसाचंही श्रेय कुणी खाऊ नये.

पुढच्या वर्षी अक्कांचा मेंबरशिपचा अर्ज आला. सूचक अण्णा, अनुमोदक मी.

दोन हजार सालानंतर त्या अध्यक्ष झाल्या. पहिला हुकूम काय सोडला असेल? आतल्या खोलीचं दार काढा. भजी ज्याची त्यानं उठून आणायची.

बिजागऱ्या मी स्वतः काढल्या. अजून माझ्या वर्कशॉपमध्ये आहेत.

तर, ग्रुपच्या ॲडमिननी मेसेज दुरुस्त करावा. 'क्लबच्या सदस्य आणि माजी अध्यक्ष गिरिजाअक्का.' अण्णांचं नाव त्यानंतर. अण्णांनीही असंच लिहिलं असतं.

नाही केलं, तर उद्या शोकसभेत मला माइक देऊ नका. दार गेलं, चौकट अजून आहे. मी तिथं उभा राहून बोलणार. बेल कितीही वाजवा.

अक्का, नमस्कार करतो.

तुमचा अनुमोदक,
दिनकर