काकांचं चिल्लर व्याज

टेबलावर पासबुकांचा गठ्ठा ठेवायचा, त्याचं रबर काढून मनगटात अडकवायचं आणि म्हणायचं, “सायेब, एवढी आमची चिल्लर घ्या टाकून.” काका दर जुलैला असे यायचे. मी सांगलीत कर सल्लागार आहे; माझ्या ऑफिसात त्या महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि हे नेमके तेव्हाच.

चिल्लर म्हणजे बचत खात्यांवरचं व्याज. कुठे चाळीस रुपये, कुठे पासष्ट. त्यानं त्यांचा कर एक पैसाही वाढत नव्हता, पण विवरणपत्रात दाखवावं तर लागतंच. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, साध्या कामासाठी अख्खी दुपार खाणारा. मी मनातून वैतागायचो.

काका गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. बदली होईल त्या गावी पगारासाठी खातं उघडलं आणि एकही बंद केलं नाही. म्हसवड, मेढा, माधवनगर, आणखीही होती. पासबुकात नोंदी छापून घ्यायला ते जूनमध्ये एसटीनं निघायचे आणि गावोगाव जुन्या ओळखीच्या घरी टेकायचे. फोन करून कळवणं वगैरे नाही, सरळ दारात उभं राहायचं. मी आकडे टाइप करत असताना मला तो सगळा प्रवास ऐकावा लागे. माणसांची नावं ते विसरायचे, जनावरं मात्र पक्की लक्षात. “मेढ्याचा शिंपी, त्येची ती बांडी म्हैस अडलेली, आमी सोडवली न्हवं का,” अशी ओळख करून द्यायचे. ती म्हैस जाऊनही जमाना झाला असेल.

एकदा मी न राहवून म्हटलं, “काका, बंद करा ना ही खाती. एकच ठेवा.”

“खातं हाय म्हंजे काम हाय,” ते म्हणाले आणि मनगटावरचं रबर फिरवत बसले. “आवं, हिच्या माघारी घरात बोलायला कोन न्हाई. पोरगं तिकडं बंगळुरात. म्हनून कुनाच्या दारात गेलं तर पयला सवाल, काय काम काढलं? असंच आलो म्हनलं की मानूस जरा सावध हुतंय. बँकेत आलतो म्हनलं की बसा म्हनत्यात.”

आपण सगळेच दारात आलेल्याला हेच विचारतो. मी पुढच्या पासबुकाचा आकडा टाकला.

मग एका वर्षी आयकराच्या पोर्टलवर बँकांचं व्याज आपोआप दिसू लागलं. मी उत्साहानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “बघा काका, तुमची सगळी खाती इथे आहेत. आता फिरायचे कष्ट नकोत. घरी बसा, मी भरून टाकतो.”

त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. म्हसवडचे चाळीस रुपयेसुद्धा तिथे होते.

“समदं कळतंय व्हय ह्याला,” ते म्हणाले. रबर न काढलेला गठ्ठा त्यांनी तसाच पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळले. “मग आता मेढ्यात काय सांगू, कशाला आलो म्हनून?”

त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

पुढच्या जुलैला ते आले तेव्हा गठ्ठ्यावर एक नवंकोरं पासबुक होतं. मेढ्यातली एक छोटी पतसंस्था, त्या शिंप्याच्या दुकानासमोरची. “हे हाय का बघा तुमच्या त्यात.”

मी पोर्टल उघडून पाहिलं. त्या खात्याचं व्याज तिथे नव्हतं.

“न्हाई न्हवं?” इतका खूश झालेला माणूस माझ्या ऑफिसात जुलैमध्ये मी दुसरा पाहिलेला नाही. “म्हंजे जावं लागतंय.”

“जावंच लागतंय,” मी म्हटलं. “आणि काका, बाकीचीही ताडून आणत जा. पोर्टलवर चुकतं कधीकधी.” चुकतंही तसं, पण मी ते त्यासाठी म्हटलं नव्हतं. त्यांना ते कळलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी मेढ्याचा तांदूळ आणला.

यंदा काका आले नाहीत. एप्रिलमध्ये झोपेतच गेले. मुलगा आला, दिवस करून परत जाताना गठ्ठा माझ्याकडे ठेवून गेला. शेवटचं विवरणपत्र वारस म्हणून आता त्यालाच भरायचं होतं. पतसंस्थेचा आकडा राहिलाय, असं मी फोनवर सांगितलं तर म्हणाला, “असून असून किती असणार? सोडून द्या ना.” मुलगा वाईट नाही. त्याला सुट्टी नव्हती.

मला सोडवेना. एका शनिवारी साताऱ्याहून एसटीनं मेढ्याला गेलो. पतसंस्थेत नोंद छापून घेतली. अठ्ठावीस रुपये. माझं काम झालं होतं, पण समोरच ते दुकान होतं आणि पाय तिकडे वळले.

म्हाताऱ्या शिंप्यानं मशिन थांबवली. “काय काम काढलं?”

“पतसंस्थेत आलो होतो,” मी म्हटलं.

“बसा की मग.” त्यानं स्टूल पुढे सरकवलं. तेवढ्यात त्याची नजर माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर गेली आणि चेहरा खुलला. मान बाहेर काढून तो माझ्या मागे, स्टँडच्या रस्त्याकडे बघायला लागला.

“आन् आमचं कंपौंडर कुठं मागं ऱ्हायलं?”

मी स्टुलावर बसलो.