धुण्याच्या दगडातल्या गोगलगायी

मंडळी, आत्ताच ईट गावाहून आलोय. पायाचा चिखलही धुतला नाही, पण सांगितल्याशिवाय राहवंना.

माझा मित्र सलीम शाळेत विज्ञान शिकवतो. सकाळपासून आम्ही दोघं डोंगरातल्या ओढ्यानं जीवाश्म शोधत फिरत होतो. पाणी गार, निवळ. घाई कसलीच नव्हती. तीन तासांत सापडला नखाएवढा एक शंख.

पुढं वळणावर एक मावशी धुणं धूत होत्या. त्यांनी लुगडं उचललं अन् सलीम मटकन खालीच बसला. त्या अख्ख्या दगडात गोगलगायींचे शंखच शंख होते!

"मावशी, हा दगड द्याल? शाळेत ठेवतो."

"न्या की. पर मग म्या धुणं कशावर धुवू? सासूबाईपासनं ह्योच दगड हाय."

"अहो, ह्या गोगलगायी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत!"

मावशींनी दगडावर पाणी ओतलं, हात फिरवला.

"इतकी वर्सं टिकलाय व्हय? मग माझ्या सुनंला बी पुरंल."

सलीम उठला. लुगड्याचं एक टोक धरून त्यांच्यासंगं पिळू लागला.

फोटो खाली टाकलाय. खरं सांगा, तुम्ही तो दगड उचलून आणला असता?