गिलाव्याचं टोपणभर औषध

हसायचं न्हाई असं आधी कबूल करा, तरच सांगतो!

हट्टा गावात माझं खता-औषधांचं दुकान. दिवसभर माझं एकच कीर्तन, "फवारणीचं औषध मापात टाका. लेबल वाचून टाका!" मागच्या साली गंगाधर मिस्त्रीनं दुप्पट औषध मारून सोयाबीन जाळून घेतलं, तर भर दुकानात त्याला असा झापला, की बिचारा खाली मान घालून गेला.

तोच गंगाधर माझ्या बैठकीच्या खोलीला गिलावा करून राहिला होता. रविवारी आमच्या थोरलीला पाहायला वसमतचे पाव्हणे येणार. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, फक्त पोराच्या वडिलांचा होकार राहिला होता. अन् नेमकी त्याच खोलीच्या भिंतीला ओल!

मिस्त्रीनं ओल न येण्याचं औषध मागवलं. म्हणला, "भाऊ, सिमेंटच्या एका गोणीला हे एक टोपण."

टोपण? एवढ्या भिंतीला टोपणानं काय होतंय? मिस्त्री चहाला गेला अन् मी गुपचूप कालवलेल्या सिमेंटच्या मालात औषधाचा अख्खा डबा ओतला. माल असा लोण्यावानी झाला म्हणता! मिस्त्रीबी खूश, मीबी खूश.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. गिलावा काही वाळेना! बोट लावलं की बोट आत.

"काहून वाळंना हो?" बायको रडकुंडीला आली.

"हवा दमट हाय," मी म्हणलं. दुसरं काय सांगणार?

रविवारी खुर्च्या भिंतीपासून हातभर पुढं मांडल्या. पोहे झाले, पोरगी येऊन बसली, सगळं बराबर चाललं होतं. इतक्यात पोराचे वडील उठले अन् भिंतीला पाठ टेकवून ऐसपैस उभे राहिले!

भिंतीपासून सुटले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर सिमेंट, अन् भिंतीत त्यांचा अख्खा ठसा. पोरीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

मिस्त्री काळजीपोटी दारातच उभा होता. त्यानं भिंत दाबली, कोपऱ्यातला डबा उचलला, उलटा केला. थेंब न्हाई.

"जास्त पडलं की माल पकडच घेत न्हाई," तो म्हणला. मग डबा माझ्या नाकापुढं धरला. "भाऊ, लेबल वाचलं न्हाई व्हय?"

पोराच्या वडिलांना सारा उलगडा झाला अन् ते पोट धरधरून हसले. "लग्न पक्कं! फक्त जेवणात मीठ तेवढं यांना टाकू देऊ नका!"

पोरगी सुखात नांदून राहिली. हाल माझे! आता दुकानात कुणालाबी "औषध मापात टाका" म्हणलं, की गिऱ्हाईक भोळ्या चेहऱ्यानं इचारतं, "म्हंजी किती, भाऊ? अख्खा डबा?"