भरून चढणं, भरून उतरणं

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बारा वर्षं गाड्यांचं ॲव्हरेज काढलं. म्हणजे एक लिटर डिझेलात ट्रक किती किलोमीटर चालला, ते. पद्धत सोपी. निघताना एका ठरलेल्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. जेवढं डिझेल मावलं, तेवढं जळलं. भागाकार मी करायची, आणि तो कधी चुकत नाही याचा मला भारी तोरा होता.

ड्रायव्हर नाना कारणं सांगत. उलटा वारा होता, टायर घासले, रस्ता खोदून ठेवला आहे. मी म्हणायची, "हव भैया, वाराच डिझेल पिऊन गेला." सगळं ऑफिस हसायचं. टाकीतलं डिझेल चोरून विकणारे त्यांच्यात होतेच, पण मला हळूहळू सगळेच तसे वाटायला लागले होते.

एका उन्हाळ्यात मालकाने दोन बारा चाकी गाड्यांचे कागद माझ्यापुढे टाकले. मॉडेल एक, वर्ष एक, दोन्ही रायपूर-बस्तर चालतात, मग एकीचं ॲव्हरेज एवढं कमी काहून? मी पाहिलं. एक गाडी इथून सिमेंट भरून बस्तरला जायची आणि रिकामी परत यायची. दुसरी रिकामी जायची आणि खाणीतला लोखंडाचा दगड भरून इकडे आणायची. वजन सारखं, रस्ता तोच, भरलेले किलोमीटर तेवढेच, रिकामेही तेवढेच. मी लिहून दिलं की सिमेंटच्या गाडीत डिझेलची चोरी होते.

त्या गाडीचे ड्रायव्हर आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्या बाबांच्या वयाचे. मी त्यांना काका म्हणायची. चोरीचं कळलं तसे ते चप्पल दाराबाहेर काढून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, बस्तरले जाताना मी केशकालचा घाट भरून चढतो. थो दुसरा रिकामा चढते न भरून उतरते. सारखं कसं येईन?"

"काका, जेवढं चढता तेवढं उतरताच न? फिट्टंफाट झाली."

"नाही होत न, माय. एकडाव माह्या संग गाडीत बसून पाह्य."

"मले काय दुसरे धंदे नाहीत का?" मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"तीस वर्षं झाली गाडी चालवून राहिलो. चोर कोनी नाही म्हटलं मले," एवढं बोलून ते गेले. मालकाने त्यांना महिनाभराची मुदत दिली. ॲव्हरेज सुधारलं नाही, तर गाडीची चाबी टेबलावर ठेवायची.

आणि सुधारलं! पुढच्याच खेपेला थोडं, त्यापुढच्या दोन खेपांना आणखी. मालक खूश झाला. "देखा मैडम, पकड़ो तो सुधर जाते हैं." मीही हसली. डिझेल कुठून वाचून राहिलं, हे मी काकांना एकदाही विचारलं नाही. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या खेपेला फोन आला. परत येताना घाटात काकांची गाडी कठड्यावर आदळून उलटली होती. मालक जीप घेऊन निघाला आणि कागदपत्रांसाठी त्याने मलाही सोबत नेलं. केशकालचा घाट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आम्ही भरलेल्या ट्रकांच्या मागे अडकलो. पहिल्या गिअरमध्ये, काळा धूर ओकत, माणूस पायी पुढे निघून जाईल इतक्या हळू ते चढत होते. समोरून दगड भरलेले ट्रक उतरत होते. त्यांच्या इंजिनाला ओढायचं काहीच नव्हतं, फक्त वजन रोखून धरायचं. अरे देवा, भरल्या गाडीने चढताना जाळलेलं रिकाम्या गाडीला उतरताना परत कुठून मिळणार? इतकी वर्षं भागाकार केले, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

उलटलेल्या गाडीपाशी पोलिसाने सांगितलं की गिअर न्यूट्रल होता आणि इंजिन बंद. डिझेल वाचवायला काका अख्खा घाट इंजिन बंद करून उतरत होते. तसं केलं की स्टिअरिंग आवळतं आणि ब्रेकची हवा भरत नाही. तीस वर्षांत त्यांनी असलं कधी केलं नसणार. मी करायला लावलं.

दवाखान्यात काकांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला होता. काकू उशाशी बसल्या होत्या. शिव्या खायच्या तयारीने मी आत गेली.

"आली का पोरी? ह्या खेपेचं ॲव्हरेज किती भरलं?"

टाकी फुटून सगळं डिझेल रस्त्यावर सांडलं होतं. कशाचं ॲव्हरेज न कशाचं काय.

"चांगलं भरलं, काका."

ते काकूंकडे वळले. "सांगत होतो न तुले? आता कोनी चोर नाही म्हनत."

तेवढ्यात मालक आत आला. काकांच्या पलंगाशी उभं राहून त्याने मलाच विचारलं, "पकड़ने के बाद ही एवरेज सुधरा था ना, मैडम? मतलब पहले तो चोरी होती ही थी. फिर मुआवज़ा किस बात का?"

काकांना हिंदी मराठीइतकीच कळायची. ते माझ्याकडे पाहत राहिले. घाट, चढ, माझी चूक, सगळं ओठावर आलं होतं. पण मी घाबरली.

"सुधरा था, सर," मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटून घेतले. काकू उठल्या आणि म्हणाल्या, "जाय तू आता."