न उलटलेला गुण्या

बिघडलेला गुण्या सख्ख्या भावाच्या हाती देताना थोरल्याच्या मनात नेमके काय होते? प्रस्तुत लेखकाला ते अखेरपर्यंत उलगडले नाही.

गुण्या म्हणजे सुताराचे काटकोन आखायचे साधन. तो तपासणे सोपे. फळीच्या कडेला तो टेकवून एका ठिपक्यापासून रेघ मारायची, मग गुण्या पालथा घालून त्याच ठिपक्यापासून दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक पडल्या की गुण्या खरा. पण कारखान्याची वाटणी झाली तेव्हा वडिलांच्या दोन गुण्यांपैकी एक धाकट्याला देत थोरला म्हणाला होता, “एकदम करेक्ट आहे.” त्यानंतर तो पालथा घालून पाहणे धाकट्याला भावाची झडती घेण्यासारखे वाटले.

त्याची दारे चौकटीत घासू लागली. कधी ओल्या लाकडाला, कधी भिंतीला बोल लावत तो मुकाट्याने रंधा मारी आणि दार बसवी. गिऱ्हाइके त्याला ‘रंधेमहाराज’ म्हणू लागली. त्या हसण्यात थोरलाही सामील असे.

अखेर कॉलेजच्या वाचनालयाने त्याची कपाटे परत पाठवली. थोरल्याची मुलगी तिथे इंग्रजी शिकवी. काकाला काम तिनेच मिळवून दिले होते, त्यामुळे खाली मान तिलाही घालावी लागली. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा गुण्या पालथा घातला. दोन रेघा एका ठिपक्यातून निघून कात्रीसारख्या फाकल्या.

तो तडक थोरल्याकडे गेला. वाटणीच्या आदल्या दिवशी तो गुण्या दगडावर पडला होता, एवढे थोरल्याने कबूल केले; हातातले काम मात्र थांबवले नाही.

“मग सांगायचं नाही का, दादा?”

“मला वाटलं, तपासशील. सुतार आहेस ना?”

हे धाकट्याच्या जिव्हारी लागले. तो उठला. पुतणी फाटकापर्यंत आली. बापाची बाजू घ्यायला तिची जीभ रेटेना, म्हणून तिने आपल्या विषयाचा आडोसा घेतला. “काका, ‘करेक्ट’ मूळचा लॅटिन. त्याचा पहिला अर्थ ‘सरळ केलेलं’. आपल्या ‘ऋजू’शी त्याचं दूरचं नातं आहे.”

“म्हणजे आधी वाकडं होतं, हे त्यातच आलं?”

“आलं.”

“आणि सरळ कोणी केलं, ते येतं का?”

त्याच्या तळहातावरचे रंध्याचे घट्टे तिला दिसत होते.

नवा गुण्या त्याने दुसऱ्याच दिवशी घेतला, तोही दुकानदारासमोर पालथा घालून.

पुढे २००६ साली थोरल्याच्या घराची दारे बदलली. ती धाकट्याने नव्हे, बाहेरच्या सुताराने बसवली.